बाटलींत आम्ल किती?

रसायनशास्त्राच्या कोणत्याहि शालेय पुस्तकांत एक उदाहरण हमखास सांपडतें. हायड्रोक्लोरिक आम्लाचें २५ मिलिलिटर द्रावण घेतलें. त्याच्या पूर्ण उदासिनीकरणास कॉस्टिक सोड्याचें ०·१ नॉर्मल द्रावण २२·५ मिलिलिटर लागलें. तर आम्लाची संहति किती? संहति म्हणजे एका लिटर द्रावणांत आम्ल किती विरघळलें आहे त्याचें माप. विद्यार्थी ०·१ ला २२·५ नें गुणतो, गुणाकारास पंचविसांनीं भागतो, आणि ०·०९ असें उत्तर लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. त्रैराशिक जाणणाऱ्या कोणासहि हें अर्ध्या मिनिटांत जमेल. परंतु या अर्ध्या मिनिटाच्या गणितामागें सुमारें एकशें ऐंशी वर्षांचा खटाटोप आहे; आणि त्याचा आरंभ पंडितांच्या जिज्ञासेंत जितका झाला, त्याहून अधिक परीट, साबणवाले, औषधविके आणि टांकसाळींतले पारखी यांच्या गरजेंत झाला. त्या खटाटोपाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

आंबट वस्तु मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. चिंच, आमसूल, लिंबू, ताक, शिरका यांची ओळख जीभच पटवून देते. अमुक पदार्थ आंबट आहे कीं नाहीं, एवढ्यापुरता तिचा निवाडा उत्तम असतो. पण तो किती आंबट आहे असें विचारलें कीं तिची साक्ष डळमळूं लागते. साखर घातली कीं सरबतांतलें लिंबू लपतें; गोड खाऊन वर प्यालेलें ताक अधिक आंबट लागतें; आणि गंधकाच्या तेजाबाची परीक्षा तर जिभेनें करतांच येत नाहीं. ‘कोणतें?’ या प्रश्नाला तिच्यापाशीं उत्तर आहे, ‘किती?’ या प्रश्नाला नाहीं.

या दुसऱ्या प्रश्नाला आंकड्यानें उत्तर देण्याचा एक फार जुना प्रयत्न पॅरिसचा औषधविक्या क्लोद जोझेफ झोफ्रुआ याचा आहे. १७२९ सालीं त्यानें शिरक्याचा जोर मोजण्याची एक रीत मांडली. शिरका वजन करून घ्यावा आणि त्यांत पोटॅशची कोरडी पूड चिमूट चिमूट टाकीत जावी. प्रत्येक चिमटीबरोबर तो फसफसतो. फसफसणें थांबलें कीं एकंदर किती पूड खर्ची पडली तें पाहावें; ज्याला जास्त लागली तो शिरका अधिक जोरकस. ही कल्पना इतकी साधी आहे कीं तिचें महत्त्व चटकन् ध्यानांत येत नाहीं. न दिसणारी वस्तु मोजावयाची, तर तिला संपविण्यास जी दिसणारी वस्तु लागते ती मोजावी. लग्नाच्या पंगतीला जेवणारे मोजावयाचे राहून गेले, तर मांडवामागें पडलेल्या उष्ट्या पत्रावळी मोजतात, तसाच हा प्रकार. मात्र या हिशेबांत एक गोष्ट गृहीत धरावी लागते: माणशीं पत्रावळ एकच असली पाहिजे. झोफ्रुआपाशीं या गृहीताला कांहींहि आधार नव्हता. तो मिळण्यास आणखी साठांहून अधिक वर्षें जावयाचीं होतीं.

शिरक्याचें माप चुकलें तर फारसें कोणाचें बिघडत नसे. कापडाच्या धंद्यांत बिघडे. अठराव्या शतकांत स्कॉटलंड व आयर्लंड येथें जवसाच्या धाग्याचें लिनन कापड मोठ्या प्रमाणावर विणलें जाई. मागावरून उतरलेलें हें कापड मळकट तपकिरी असे. तें पांढरें करण्यासाठीं राखेच्या खारांत उकळावें, कुरणावर उन्हांत पसरावें, आंबट ताकांत बुडवून ठेवावें, आणि पुन्हा खारांत घालावें, असें चक्र महिनोन् महिने चाले. खार येई तो रशियांतून, बाल्टिक समुद्राच्या कांठच्या देशांतून आणि अमेरिकेंतील वसाहतींतून. रानेंच्या रानें जाळून केलेल्या राखेंतून तो काढलेला असे. हा माल आपल्या ओळखीचा आहे. आपले परीट सज्जीखार वापरीत, आणि लोणारच्या सरोवराच्या परिसरांत काचेला व साबणाला लागणारें द्रव्य मिळतें याची नोंद आईन-इ-अकबरींतहि आहे. पण खाराचा एक दुर्गुण सगळीकडे सारखाच: एका पिंपांतला खार दुसऱ्या पिंपांतल्यासारखा कधीं नसे. त्यांत वाळू असे, मीठ असे, ओल असे, आणि विकणाराची लबाडीहि असे. खार कमी पडला तर कापड पिवळट राही. अधिक झाला तर तो धागाच खाऊन टाकी. विणकराच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचें काय होणार, हें न मोजलेल्या एका पिंपावर अवलंबून असे.

एडिंबरो येथील डॉक्टर फ्रान्सिस होम यानें १७५६ सालीं कापड शुभ्र करण्याच्या कलेवर प्रयोगांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत खार पारखण्याची त्याची रीत अशी आहे: एक ड्राम खार घ्यावा, एक भाग शोऱ्याचें तेजाब व सहा भाग पाणी असें मिश्रण करावें, आणि फसफसणें थांबेपर्यंत तें चमच्या चमच्यानें ओतावें. चमचे चहाचे. ज्या खाराला जास्त चमचे लागले तो चांगला. चमच्यानें रसायनशास्त्र करणाऱ्या या डॉक्टराला आज कोणी हंसेल. पण मला त्याचा चमचा मोठा मोलाचा वाटतो. झोफ्रुआनें कोरडी पूड तोलली होती. होमनें द्रव मोजला. तोलण्यास तराजू लागतो, वेळ लागतो, शिकलेला हात लागतो. ओतलेला द्रव मोजण्यास खुणा केलेलें एक भांडें पुरतें, आणि तें परटाच्या आवारांतहि ठेवतां येतें. शिवाय होमनें नेहमीं तेंच एक मिश्रण वापरण्याचा नियम केला. पुढें ज्याला प्रमाणित द्रावण म्हणूं लागले त्याचें बीज या नियमांत आहे.

याच होमनें ताकाऐवजीं पाण्यांत पुष्कळ पातळ केलेलें गंधकाम्ल वापरण्याचा पुरस्कार केला. जॉन रोबक यानें १७४६ सालीं बर्मिंगहॅम येथें शिशाच्या पत्र्यांच्या खोल्यांत हें आम्ल तयार करण्यास सुरुवात केल्यापासून तें स्वस्त झालें होतें. ताकाचें जें काम दिवसांचें होतें तें या आम्लानें तासांवर आलें. परंतु ताक आणि गंधकाम्ल यांत एक मोठा भेद आहे. ताक कितीहि आंबलें तरी कापडाला भोंक पाडीत नाहीं. नव्या नोकराच्या हातीं धंदा सोंपवावयाचा, तर आधीं त्याची पारख हवी, तेव्हां ‘किती?’ हा प्रश्न आतां खाराप्रमाणें आम्लाविषयींहि विचारावा लागला.

फसफसण्यावर विसंबून राहण्यांत एक अडचण होती. तें एकाएकीं थांबत नाहीं. हळूहळू मंदावतें, आणि शेवटचा बुडबुडा कोणता यावर दोन माणसांचें एकमत होत नाहीं. शिवाय कॉस्टिक सोड्यासारखा ज्यांत कार्बनिक वायूच नाहीं तो अल्क मुळींच फसफसत नाहीं. येथें रंग मदतीला आला. आम्लानें व अल्कानें वनस्पतींचे रंग पालटतात हें रॉबर्ट बॉइल यानें १६६४ सालच्या आपल्या रंगांवरील ग्रंथांत मांडलें होतें. व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्लानें तांबडा आणि अल्कानें हिरवा होतो हें त्याचें आवडतें उदाहरण. आपल्या घरांतहि हा प्रयोग नित्य चालतो. हळदीचा पिवळा डाग साबण लागतांच तांबडा होतो आणि लिंबू पिळलें कीं पुन्हा पिवळा. हळदीनें रंगविलेला कागद युरोपांतील प्रयोगशाळांतून अल्क ओळखण्यासाठीं पुष्कळ काळ वापरला जात असे. लिटमस मात्र दगडफुलाच्या वर्गांतील वनस्पतींपासून निघतो. आपल्या मसाल्यांतलें दगडफूल त्याचें दूरचें भावंड म्हणतां येईल.

ओळखण्यासाठीं वापरला जाणारा हा रंग मोजण्याच्या कामीं लावला तो लंडनजवळच्या किंग्स्टन गांवीं राहणाऱ्या विल्यम लुइस यानें. अमेरिकेंतून येणाऱ्या पोटॅशची परीक्षा करून १७६७ सालीं त्यानें आपले प्रयोग छापले. लिटमसनें रंगविलेल्या कागदाचा तुकडा द्रावणांत बुडवून तो शेवटचा क्षण ठरवी. पण त्याची खरी कामगिरी निराळीच आहे. त्यानें आपलें आम्ल आधीं शुद्ध पोटॅशच्या ज्ञात वजनावर पारखून घेतलें. त्यामुळें ‘हा खार त्या खाराहून चांगला’ एवढेंच न सांगतां ‘या मालांत खरा अल्क शंभरांत इतका’ असें त्याला सांगतां आलें. होमचे चमचे दोन पिंपांची तुलना करीत. लुइसच्या हिशेबानें एकाच पिंपाची किंमत ठरवितां येई. मला वाटतें, संहतीचें गणित या दिवशीं जन्माला आलें. लुइस आम्ल मापून न ओतता तोलून ओती, कारण त्या काळच्या कोणत्याहि खुणांच्या नळीपेक्षां त्याचा आपल्या तराजूवर अधिक विश्वास होता, आणि तो योग्यच होता.

चांगली नळी फ्रान्सनें दिली. रूआं हें सुती कापडाचें मोठें शहर. बर्थोले यानें क्लोरीन वायूनें कापड शुभ्र करण्याची युक्ति काढल्यावर तेथील देक्रुआझील या रसायनज्ञानें क्लोरीनच्या पाण्याचा जोर मोजण्यासाठीं खुणा केलेली एक नळी वापरली. नीळ किती फिकी पडते यावरून जोर ठरे. ही रीत त्यानें १७९५ सालीं प्रसिद्ध केली, आणि १८०६ सालीं खार मोजण्यासाठीं तशीच दुसरी नळी केली. कुशल रसायनज्ञ जवळ नसतांहि व्यापाऱ्याला स्वतःचा माल पारखतां यावा हा त्याचा हेतु होता.

त्यानंतर आला गे-ल्युसाक. १८२४ सालीं क्लोरीनच्या मापनावरील निबंधांत त्यानें ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ हीं नांवें वापरलीं. पहिल्याचा अर्थ छोटी सुरई, दुसऱ्याचा छोटी नळी. १८२८ सालीं त्यानें बाजारांतल्या पोटॅशची परीक्षा प्रमाणित गंधकाम्लानें करण्याची रीत बसविली. पुढें पॅरिसच्या टांकसाळीचें काम त्याच्याकडे आलें. नाण्यांतील चांदी किती हें भट्टींत आटवून ठरविण्यांत थोडी चांदी वायां जाई आणि कस नेहमीं कमीच भरे. १८३२ सालीं त्यानें मिठाचें मोजलेलें पाणी ओतून चांदी मोजण्याची रीत दिली. सोन्याचांदीच्या कसाला फ्रेंच भाषेंत ‘तित्र’ म्हणतात. ‘टायट्रेशन’ हा शब्द त्यावरूनच आला. आपण ज्याला अनुमापन असें भारदस्त नांव दिलें आहे त्याचा मूळ अर्थ कस पाहणें एवढाच. सराफाच्या कसोटीचा शब्द आम्लाच्या बाटलीला लागला, आणि तो चपखल बसला.

आतां थोडें मागें जाऊन त्या पत्रावळीच्या गृहीताकडे पाहिलें पाहिजे. इतके सर्व मोजणारे होते, पण अमुक आम्लाला अमुकच अल्क कां पुरावा, हें कोणी सांगितलें नव्हतें. तें सांगितलें येरेमियास बेन्यामिन रिख्टर या जर्मन गृहस्थानें. त्याला गणिताचें विलक्षण वेड होतें. १७८९ सालीं त्यानें कोनिग्सबर्ग येथें रसायनशास्त्रांत गणिताचा उपयोग याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि १७९२ पासून त्याचा मोठा ग्रंथ निघूं लागला. त्यानें पाहिलें कीं दोन उदासीन लवणांचीं द्रावणें एकत्र केलीं आणि त्यांतील आम्लांनीं आपापले जोडीदार बदलले, तरी मिश्रण उदासीनच राहतें. त्यांत आम्लहि उरत नाहीं आणि अल्कहि उरत नाहीं. याचा अर्थ उघड आहे. एका आम्लाला पुरणारे दोन अल्क ज्या प्रमाणांत लागतात, त्याच प्रमाणांत ते दुसऱ्या कोणत्याहि आम्लाला पुरतात. म्हणजे प्रत्येक पदार्थाला स्वतःचा एक आंकडा चिकटलेला आहे, आणि त्या आंकड्यांनीं सगळा व्यवहार चालतो.

रिख्टरचीं पुस्तकें इतकीं क्लिष्ट होतीं कीं तीं फारशीं कोणी वाचलीं नाहींत. अल्कांचे आंकडे बेरजेच्या श्रेढींत आणि आम्लांचे गुणाकाराच्या श्रेढींत बसतात असा त्याचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायीं चांगलें धान्य भुशाखालीं गेलें. १८०२ सालीं फिशर यानें त्याच्या आंकड्यांचें एक सुटसुटीत कोष्टक केलें. गंधकाम्ल १००० धरलें तर सोडा ८५९ आणि पोटॅश १६०५. आजच्या हिशेबानें पाणीरहित आम्ल धरल्यास हे आंकडे सुमारें ७७५ आणि ११७७ असावयास हवेत. पोटॅशच्या बाबतींत चूक तिसऱ्या हिश्श्याहून मोठी आहे! तरीहि रिख्टरचा विचार खरा होता. माणशीं पत्रावळ एकच, हें त्यानें सिद्ध केलें; पत्रावळीचें वजन मात्र त्याला नीट तोलतां आलें नाहीं. १८०७ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. गुणाकार-भागाकाराचा जो अधिकार शाळेंतील मुलाला आज न मागतां मिळतो तो याच्यामुळें.

येथें एक पोटसूचना आवश्यक आहे. गंधकाम्लाचा एक रेणु दोन पत्रावळी घेतो. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचें नॉर्मल द्रावण करावयास लिटरमागें ३६·५ ग्रॅम घ्यावे लागतात, कॉस्टिक सोड्याला ४०, पण गंधकाम्लाला ९८ च्या निम्मे, म्हणजे ४९. परीक्षेंत या ‘निम्म्या’चा विसर पडून जितके गुण बुडाले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कशानें बुडाले असतील.

या सर्व विखुरलेल्या रीतींना एका घरांत आणून बसविण्याचें काम कोब्लेन्झ येथील औषधविक्या कार्ल फ्रीड्रिख मोर यानें केलें. १८५५ सालीं त्याचा अनुमापनावरील ग्रंथ निघाला. गे-ल्युसाकची नळी हातांत धरून कलती करावी लागे. मोरनें नळी उभी बांधली, तिच्या खालच्या टोंकाला रबराची नळी जोडली आणि तिला चिमटा लावला. चिमटा दाबला कीं थेंब पडतो, सोडला कीं थांबतो. डोळा रंगावर, हात चिमट्यावर. शंभर वर्षांनंतरहि शाळा-कॉलेजांतून हीच नळी उभी होती.

पण मोरचें त्याहून मोठें उपकार प्रमाणाच्या बाबतींत आहेत, आणि हा भाग पुस्तकांतल्या उदाहरणांत नेमका लपून जातो. उदाहरण म्हणतें, ‘०·१ नॉर्मल सोडा घेतला’. तो ०·१ आहे हें कोणी सांगितलें? कॉस्टिक सोडा उघडा ठेवला तर हवेंतली ओल पितो आणि कार्बनिक वायु शोषतो. तोलतां तोलतां त्याचें वजन बदलतें. हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे तर पाण्यांत कोंडलेला वायु; बूच काढलें कीं तो निघून जाऊं लागतो. दोघेहि साक्षीदार अविश्वासू. मोरनें तिसरा साक्षीदार उभा केला: ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक. ते कोरडे असतात, शुद्ध करतां येतात आणि तराजूंत स्वस्थ बसतात. त्रेसष्ट ग्रॅम स्फटिकांचें एक लिटर द्रावण करा, तें नॉर्मल. त्यावरून सोडा पारखा, आणि सोड्यावरून बाटलींतलें अज्ञात आम्ल. पुढें ऑक्झॅलिक आम्लाच्या जागीं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट आलें, पण सांखळी तीच राहिली. तिची पहिली कडी म्हणजे एका सुक्या भुकटीचें एकदां केलेलें वजन. तेथें हजारांत पांचाची चूक झाली तर पुढच्या प्रत्येक उत्तरांत ती चूक मुकाट्यानें उतरते, आणि ब्युरेटीवर कितीहि डोळे ताणले तरी ती दिसत नाहीं.

अशा आंकड्यांवर त्या काळीं काय काय टांगलें होतें याचें एक उदाहरण देतों. निकोला लब्लाँ यानें १७९१ सालीं मिठापासून सोडा करण्याचें पेटंट घेतलें. क्रांतीच्या धामधुमींत त्याचा कारखाना गेला, आणि १८०६ सालीं त्यानें स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें. त्याची रीत मात्र इंग्लंडांत फोफावली. तींत मिठावर गंधकाम्ल ओततांच हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघे आणि धुराड्यांतून आसमंतांत पसरे. शेतें करपत, झाडें वाळत, माणसें खोकत. १८६३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून या आम्लापैकीं शंभरांत पंचाण्णव भाग कारखान्यानें पाण्यांत अडविलाच पाहिजे असें ठरविलें. रॉबर्ट अँगस स्मिथ हा पहिला तपासनीस. पुढें १८७४ सालीं कायद्यानें धुराड्याच्या वायूंत दर घनफुटास एकपंचमांश ग्रेनाहून अधिक आम्ल नसावें अशी मर्यादा घातली. धुराड्यांतला वायु पाण्यांतून ओढून घ्यावयाचा आणि त्या पाण्यांत आम्ल किती उतरलें तें मोजावयाचें. शेतकऱ्याची तक्रार आणि कारखानदाराचा इन्कार यांच्यामध्यें प्रथमच एक आंकडा उभा राहिला. सरकारी कायद्यांत ‘फार धूर’ हे शब्द जाऊन ‘एकपंचमांश ग्रेन’ हे शब्द आले, ही मला लहान गोष्ट वाटत नाहीं.

रंगांतहि भर पडत होती. बायर यानें १८७१ सालीं तयार केलेलें फिनॉल्फथॅलीन १८७७ मध्यें दर्शक म्हणून सुचविलें गेलें, आणि पुढच्याच वर्षीं लुंगे यानें मिथिल ऑरेंज पुढें आणलें. आश्चर्य असें कीं हे दोन दर्शक स्वभावतः एका ठिकाणीं रंग बदलीत नाहींत. तरीहि तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्या अनुमापनांत कोणताहि वापरला तरी उत्तर जवळजवळ तेंच येतें. असें कां व्हावें?

याचें उत्तर समजण्यास स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसची वाट पाहावी लागली. कोणतेंहि तीव्र आम्ल घ्या, कोणताहि तीव्र अल्क घ्या. तुल्य प्रमाणांत मिसळले कीं उष्णता सारखीच निघते, आजच्या मापांत सुमारें ५७ किलोजूल. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकांत अनेकांच्या पाहण्यांत आली होती, पण तिचा उलगडा होत नव्हता. अऱ्हेनियसनें १८८४ सालीं उप्सालाला दिलेल्या प्रबंधांत आणि पुढच्या तीन वर्षांत मांडलेल्या विचारानें तो झाला. पाण्यांत तीव्र आम्ल संपूर्ण फुटून हायड्रोजनचे आयन सुटे होतात, तीव्र अल्क फुटून हायड्रॉक्सिलचे. सोडियम आणि क्लोरीन हे नुसते वऱ्हाडी. लग्न लागतें तें हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांचें, आणि त्यांतून पाणी होतें. लग्न एकच, म्हणून उष्णताहि एकच. या प्रबंधाला विद्यापीठानें हलका वर्ग दिला. १९०३ सालीं त्याच कामासाठीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

१९०९ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन यानें हे सुटे हायड्रोजन आयन सांगण्यासाठीं पीएचचें माप काढलें. पीएच एकानें वाढला कीं आयन दहापट कमी होतात. आतां शेवटच्या थेंबाजवळ काय होतें तें पाहूं. कागद जवळ नसला तरी हिशेब ध्यानांत राहील. ०·१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर घ्या आणि तितक्याच जोराचा सोडा ओतूं लागा. आरंभीं पीएच १ आहे. ४९·९ मिलिलिटर ओतून झाले, म्हणजे मिलिलिटरला वीस थेंब धरले तर जवळजवळ हजार थेंब पडले. आतां आम्ल उरलें आहे केवळ ०·१ मिलिलिटराइतकें, आणि तें शंभर मिलिलिटरांत पसरलें आहे. पीएच झाला ४. हजार थेंबांनीं सुटे आयन हजारपट कमी केले. पुढचे चार थेंब टाका. सोडा ५०·१ मिलिलिटर झाला, पीएच एकदम १० वर गेला. चार थेंबांत आयन दहा लाखपट कमी झाले! मिथिल ऑरेंज साडेचाराच्या आंतच पिवळें होऊन बसतें, फिनॉल्फथॅलीन आठाच्या पुढें गुलाबी होऊं लागतें. दोघेहि या एकाच कड्यावर उभे आहेत. कडा इतका उभा असल्यामुळें स्थूल नजरेलाहि हजारांत एकाइतकें सूक्ष्म माप साधतें. होमला फसफसण्यांत जो शेवटचा बुडबुडा सांपडत नव्हता तो येथें सांपडला.

हें सर्व तीव्र आम्लाचें भाग्य. शिरक्याचें तसें नाहीं. ०·१ नॉर्मल शिरक्याच्या आम्लांत शंभर रेणूंपैकीं सुमारें एकच फुटलेला असतो. तरी त्याला सोडा हायड्रोक्लोरिक आम्लाइतकाच लागतो, कारण सुटे आयन संपतील तसे नवे फुटत राहतात. म्हणजे अनुमापन सांगतें तें एकंदर सांठा किती. त्या क्षणीं मोकळें किती हें तें सांगत नाहीं, तें पीएच सांगतो. शिरक्याचा कडाहि ठेंगणा असतो, आणि तेथें मिथिल ऑरेंज घेतलें तर उत्तर साफ चुकतें. झोफ्रुआनें आरंभ केला तो नेमका या अवघड आम्लापासून.

आणखी एक अवघड आम्ल आपल्या रोजच्या व्यवहारांत आहे. दूध संकलन करणाऱ्या डेअऱ्यांतून दुधाची आम्लता पाहतात ती याच रीतीनें. दहा मिलिलिटर दूध, फिनॉल्फथॅलीनचे दोन-चार थेंब, आणि ब्युरेटींत सोडा. हा सोडा नॉर्मलच्या एकनवमांश करून ठेवलेला असतो, आणि त्यांत गंमत आहे. दुधांतल्या आम्लाचा, म्हणजे लॅक्टिक आम्लाचा, आंकडा ९०. त्याला नवांनीं भागलें कीं १०. म्हणून या सोड्याचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे बरोबर शतांश ग्रॅम आम्ल. सकाळीं कॅनांची रांग लागलेली असतां तपासणाऱ्याला गुणाकार-भागाकार करावा लागत नाहीं. ब्युरेटीवर १·४ मिलिलिटर दिसले, कीं दुधाची आम्लता शेंकडा ०·१४.